तोराहचा अंतरार्थ आणि पुण्यात छापलेले एक पुस्तक

बुलढाण्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने मला तीन प्रश्न विचारले. यहुदी लोक तोराहच्या आत आणखी एक तोराह मानतात, हे खरे काय? तसे असल्यास आपण वाचतो ते मोशेचे पाच ग्रंथ अपुरे ठरतात काय? आणि हा अंतरार्थ सर्वांना उघडपणे का सांगितला जात नाही? पहिल्या दोहोंची उत्तरे ग्रंथांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र पुण्यापर्यंत यावे लागते.

कब्बाला म्हणजे परंपरेने स्वीकारलेले ज्ञान. तिचा प्रमुख ग्रंथ 'जोहार' तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झाला. तो दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय यांचा, अशी श्रद्धा आहे. अभ्यासक त्याचे बरेचसे कर्तृत्व मोशे दे लिओन (मृत्यू १३०५) व त्यांच्या वर्तुळाकडे देतात. जोहारच्या मते तोराहमधील कथा हे वस्त्र, आज्ञा हे शरीर आणि त्याच्याही आत आत्मा. वस्त्रालाच सर्वस्व समजणाऱ्यास तो मूर्ख म्हणतो, पण वस्त्र टाकून द्या असे म्हणत नाही. सरळ अर्थ, सूचित अर्थ, प्रवचनाचा अर्थ आणि गूढार्थ यांच्या हिब्रू नावांची आद्याक्षरे जोडून 'पार्देस', म्हणजे फळबाग, हा शब्द झाला. आपल्या ख्रिस्तसभेतील मध्ययुगीन पंडितांनीही शास्त्राचे चार अर्थ मानले, आणि बाकीचे तिन्ही अक्षरार्थावरच उभे आहेत असे संत थॉमस अक्वायनस यांनी बजावले. तेव्हा मोशेचे ग्रंथ अपुरे ठरत नाहीत.

आता तिसरा प्रश्न. बगदादहून आलेल्या यहुद्यांची पुण्यात वस्ती होती. डेव्हिड ससून यांनी बांधविलेले, १८६७ मध्ये पूर्ण झालेले 'लाल देऊळ' तिची साक्ष देते. याच समाजातील अब्राहम डेव्हिड एझेकिएल हे थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. १८८७ मध्ये त्यांनी जोहारमधील 'इद्रा झुटा' या भागाचा अरबी अनुवाद, हिब्रू अक्षरांत, पुण्यात छापला. शिमोन बार योहाय आपल्या अखेरच्या दिवशी शिष्यांना रहस्ये सांगतात, असा हा प्रसंग आहे. त्यात परमेश्वराचे वर्णन मस्तक, केस, दाढी अशा शब्दांत येते. अनंत देव सृष्टीकडे कसा वळतो, याची ही रूपके. पण रूपक न ओळखणाऱ्याच्या हाती त्यांची मूर्तीच व्हायची. बगदादचे रब्बी योसेफ हाईम यांच्यासारख्या श्रेष्ठांनी पुस्तकाचा निषेध केला. एझेकिएल नमले नाहीत. १८८८ मध्ये त्यांनी कब्बालेची इंग्रजी प्रस्तावनाही छापली.

गंमत अशी की मूळ अरामी जोहार १५५८ ते १५६० या काळात मांतुआ व क्रेमोना येथे छापून झाला होता. बगदादी यहुदी त्याचे पठण अर्थ न कळताही भक्तिभावाने करीत. म्हणजे तक्रार ग्रंथ छापण्याची नव्हती, तो घरातल्या भाषेत समजू लागण्याची होती. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. लोणारचा उल्लेख ज्या लीळाचरित्रात येतो, ते महानुभावांचे वाङ्मय शतकानुशतके सकळ लिपीत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे मराठी गद्याचा तो ठेवा सर्वांपुढे आला. त्या उलगड्यामुळे मराठीचे काही बिघडले असे मला तरी वाटत नाही.

तरीही रब्बींची भीती निव्वळ मत्सर म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. १४८६ मध्ये पिको देल्ला मिरांदोला या इटालियन तरुणाने नऊशे सिद्धांत मांडले. ख्रिस्ताचे देवत्व कब्बालेइतके दुसरे कोणतेही शास्त्र सिद्ध करीत नाही, असा त्याचा दावा होता. पुढल्याच वर्षी पोप आठवे इनोसंट यांनी ते सिद्धांत निषिद्ध ठरविले. परंतु यहुद्यांचेच रहस्य यहुद्यांविरुद्ध वापरण्याची वाट ख्रिस्ती पंडितांना सापडली ती सापडलीच. ज्याच्या घरातील किल्ली एकदा अशी वापरली गेली, तो ती सांभाळून ठेवणारच.

विद्यार्थ्याला आणखी एक विचारायचे होते : आपण आत्ताच जोहार वाचावा काय? सतराव्या शतकातील रब्बी शब्बताय हाकोहेन यांनी चाळिशीपूर्वी हे अध्ययन करू नये, असे मत नोंदविले आहे. ते मी त्याला सांगितले. मात्र ज्यांच्या शिकवणुकीवर नंतरची बहुतेक कब्बाला उभी राहिली, ते सफेदचे इसहाक लुरिया १५७२ मध्ये वारले तेव्हा त्यांचे वय अडतीस होते, हेही त्याच्यापासून लपविले नाही.