ई-स्पोर्ट्स : राष्ट्रीय संघांच्या स्पर्धा आणि भारत

संगणक, कन्सोल अथवा मोबाईलवरील व्हिडिओ गेमच्या संघटित स्पर्धांना ई-स्पोर्ट्स म्हणतात. एरवी या स्पर्धांत व्यावसायिक क्लबांचे संघ उतरतात. देशाच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा संख्येने कमी असल्या, तरी या प्रकाराला क्रीडा म्हणून मान्यता मिळण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पार्श्वभूमी

'वर्ल्ड सायबर गेम्स' ही या क्षेत्रातील आरंभीची मोठी स्पर्धा. २००१ ते २०१३ या काळात ती दरवर्षी भरत असे. विविध देशांत राष्ट्रीय फेऱ्या होऊन विजेते अंतिम स्पर्धेसाठी जात आणि ऑलिम्पिकप्रमाणे देशनिहाय पदकांची गणना होई. भारतातूनही खेळाडू त्यात सहभागी झाले. २००७ मध्ये मकाऊ येथील आशियाई इनडोअर क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सचा समावेश झाला. २००८ मध्ये दक्षिण कोरियात आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघाची स्थापना झाली आणि त्यानंतर राष्ट्रीय संघांची जागतिक स्पर्धा सुरू झाली.

आशियाई क्रीडा स्पर्धा

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक प्रकार म्हणून खेळवला गेला. 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या धर्तीवरील खेळात गुजरातच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक मिळविले. मात्र प्रात्यक्षिक प्रकार असल्याने ते अधिकृत पदकतालिकेत धरले गेले नाही.

कोरोनामुळे एक वर्ष लांबलेली हांगझोऊ स्पर्धा २०२३ मध्ये झाली. तेथे ई-स्पोर्ट्सच्या सात प्रकारांत प्रथमच अधिकृत पदके देण्यात आली. यांपैकी चार सुवर्णपदके चीनने, दोन दक्षिण कोरियाने आणि एक थायलंडने जिंकले. 'लीग ऑफ लेजंड्स' या प्रत्येकी पाच खेळाडूंच्या सांघिक खेळात भारताने मध्य व दक्षिण आशिया विभागाच्या मानांकन फेरीत अव्वल स्थान मिळवून थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. अक्षज शेणॉय याच्या नेतृत्वाखालील हा संघ तेथे व्हिएतनामकडून ०-२ असा पराभूत झाला.

याच खेळात दक्षिण कोरियाच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या देशात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. आशियाई सुवर्णपदक विजेत्यांना तीतून सवलत मिळते. ती 'फेकर' या नावाने ख्यातकीर्त असलेल्या ली सांग-ह्योक आणि त्याच्या सहकाऱ्यांनाही लागू झाली.

तत्पूर्वी ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धा झाली. 'डोटा २' मध्ये मोईन एजाज याच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने न्यूझीलंडचा २-० असा पराभव करून कांस्यपदक पटकावले.

खेळाचा मालक कोण?

फुटबॉल अथवा कबड्डीवर कोणा एका कंपनीची मालकी नसते. व्हिडिओ गेम मात्र कंपनीच्या मालकीचा असतो. त्यामुळे एखाद्या गेमवर बंदी आली, तर त्यात वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूचे क्रीडांगणच नाहीसे होते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत 'पबजी मोबाईल' होता. बंगळुरूत भारतीय कार्यालय असलेल्या दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आणली. जुलै २०२२ मध्ये तीही रोखण्यात आली आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाली.

बंगळुरू आणि कायदा

बंगळुरू हे देशातील गेमिंग उद्योगाचे प्रमुख केंद्र. ॲनिमेशन, दृश्य परिणाम व गेमिंग या क्षेत्रांसाठी कर्नाटकाने २०१२ मध्येच स्वतंत्र धोरण आखले होते. याच राज्याने ऑक्टोबर २०२१ पासून पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली. कौशल्याचे खेळ आणि जुगार यांत या दुरुस्तीने भेद केला नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तिच्यातील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या.

ई-स्पोर्ट्स खेळाडूंना या गोंधळाची झळ दीर्घकाळ बसली. पदकासाठी खेळणारा आणि पैसे लावून रमी खेळणारा, दोघांनाही 'गेमिंग' हाच शब्द लावला जाई. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा विभागाकडे, तर ऑनलाईन गेमिंग इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे सोपविले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने ही विभागणी अधिक स्पष्ट केली. पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला त्याने क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. प्रवेश शुल्क व बक्षिसाच्या रकमेस मुभा आहे. पैज लावण्यास नाही.

या कायद्याचा फटका बंगळुरूलाच बसला. तेथे मुख्यालय असलेल्या 'मोबाईल प्रीमियर लीग' या कंपनीने सुमारे ३०० कर्मचाऱ्यांची कपात करण्याचे ठरविल्याचे वृत्त त्यानंतर लगेच आले. कायद्याला आव्हान देणारी पहिली याचिकाही कर्नाटक उच्च न्यायालयातच दाखल झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिका आपल्याकडे वर्ग करून घेतल्या.

ऑलिम्पिकचे दार

जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने सौदी अरेबियाच्या सहकार्याने स्वतंत्र ई-स्पोर्ट्स ऑलिम्पिक भरविण्याचा निर्णय घेतला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा करार संपुष्टात आला. त्यामुळे राष्ट्रीय संघांच्या दृष्टीने आशियाई क्रीडा स्पर्धेचे महत्त्व आणखी वाढले. २०२६ च्या आइची-नागोया स्पर्धेसाठी ई-स्पोर्ट्सचे प्रकार सातवरून अकरावर नेण्याचे ठरले आणि त्यांत 'पबजी मोबाईल'च्या आशियाई आवृत्तीचाही समावेश करण्यात आला.