उजनीतलं बेट: बारामती-इंदापूरची दोन दिवसांची सफर

सुट्टी दोनच दिवसांची असेल, तर बारामती आणि इंदापूर घ्या. पहिला दिवस शहरात, दुसरा बेटावर. हो, बेटावर! समुद्र नाही, तरी आहे.

आधी बारामती. कऱ्हेच्या काठावर बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे जोशी नाईक घराणं सावकारीतलं आणि पेशव्यांचं सोयरंही. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. तरीही 1740 मध्ये बाजीराव गेल्यावर खुद्द बाबूजींनीच पेशवेपदावर दावा सांगितला होता! ते काही मिळालं नाही. पण त्यांच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीत राहिले आणि आर्यांचा डोंगर उभा केला. एकशे आठ रामायणं लिहिणारा हाच तो माणूस. 1794 मध्ये ते इथेच वारले.

आता दुसरा दिवस. भिगवणवरून सोलापूर हायवेने इंदापूरकडे निघालं, की पळसदेव लागतं. आज दिसतं ते नवं गाव. जुनं गाव भीमेच्या काठी होतं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि पुणे, सोलापूर, नगर या तीन जिल्ह्यांतली गावं पाण्याखाली गेली. पळसदेवकरांनी देव नव्या गावठाणात आणले. पळसनाथाचं जुनं मंदिर मात्र तिथेच राहिलं.

उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं, की आधी शिखर दिसतं. मग हळूहळू खालचं दगडी बांधकाम वर येतं आणि चारही बाजूंनी पाणी असलेलं एक बेट तयार होतं. तेव्हा होडीने जायचं. पाणी फारच आटलं, तर चालतही जाता येतं. वीरगळ बघायला विसरू नका. लढाईत पडलेल्यांची ही स्मारकं, वर्षातले बरेच महिने पाण्यात असतात.

बातम्यांमध्ये आपण ऐकतो, 'उजनी वजा चाळीस टक्के'. धरण वजा कसं होईल? तर उजनीत एकूण साधारण 117 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. यातलं तळाचं जवळपास 64 टीएमसी पाणी मृतसाठा. वरचं 53-54 टीएमसी तेवढं उपयुक्त धरतात. ते संपलं की आकडा शून्य, आणि मृतसाठ्याला हात लागला की वजा. 2024 च्या उन्हाळ्यात असंच झालं. मंदिर उघडं पडलं आणि बघायला गर्दी लोटली.

मला हे जरा अवघड वाटतं, खरं सांगतो. आपल्याला बेट दिसतं ते शेतकऱ्याच्या दुष्काळामुळे. आणि धरण भरलं की ऊस हसतो, पण कुणाचं तरी जुनं घर पुन्हा बुडतं. दोन्ही गोष्टी एकाच पाण्याच्या. म्हणून तिथे फोटो जरूर काढा, पण गावातलं कुणी म्हातारं माणूस भेटलं तर विचारा, 'आजोबा, तुमचं घर कुठं होतं?' ते बोट पाण्याकडे दाखवतील. तो इतिहास पुस्तकात मिळत नाही.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. 21 मे 2024 ला करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. धरण आलं आणि समोरचं गाव पलीकडच्या तीरावर गेलं. रस्त्याने मोठा वळसा, म्हणून लोक होडीने जातात. तुम्ही तर हौसेने चाललाय. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवू नका. आभाळ भरून आलं असेल, तर काठावरूनच हात जोडा.

हिवाळ्यात जाणार असाल तर मंदिर बहुधा पाण्यात असेल. तेव्हा भिगवणजवळ कुंभारगावला जा, रोहित पक्षी बघा. उथळ पाणी आणि चिखल त्यांना मानवतो. तेही याच धरणाचं देणं.

तुमच्या भागात असं बुडालेलं गाव आहे का? घरी विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!