मोरचुदाची पुडी

सातपुड्याच्या दक्षिण बाजूस, जाम नदीच्या काठी लोधीखेडा हे गाव आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला आणि 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. परंतु घरची बोली, ज्वारीची भाकर आणि संत्र्याची बाग ही सारी नागपूरकडचीच. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या विदर्भात आवडीने खाल्ल्या जातात. बुरशीचे हे रूप लोकांच्या पुरते ओळखीचे. ज्वारीवरची काणी, गव्हावरचा तांबेरा, वेलीवरची भुरी हेही शेतकऱ्यास नावानिशी ठाऊक. मात्र सात्या आणि काणी ही एकाच कुळातली, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. आणि नुसते सांगून ते पटणारेही नव्हते.

कारण न दिसले म्हणजे मन दुसरीकडे धाव घेते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात तांबेऱ्याने गहू बुडाला. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन साहेबाने 1844 च्या आपल्या ग्रंथात त्याची हकीकत दिली आहे. गोवध, व्यभिचार, खोट्या शपथा अशा पापांचे हे फळ, असे लोक म्हणत. त्यांना हसण्याचे कारण नाही. त्या काळी युरोपातील पंडितही रोगामुळे बुरशी येते की बुरशीमुळे रोग येतो, याविषयी भांडत होते.

त्या वादाचा निकाल लावणारा पुरावा खरे तर 1807 मध्येच पुढे आला होता. फ्रान्समधील मोंतोबाँ गावी बेनेदिक्त प्रेव्हो या शिक्षकाने गव्हाच्या काणीची काळी भुकटी पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तो तिचे कण बियांसारखे रुजताना दिसले. मात्र तांब्याच्या पात्रातून काढलेल्या पाण्यात ते रुजेनात. त्यावरून, बियाणे तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून पेरावे, असे त्याने सुचविले. पॅरिसच्या विद्वानांना ते पटले नाही. ज्यांच्या घरोघरी तांब्याचा हंडा होता त्या आपल्या लोकांपर्यंत ही गोष्ट पोचण्यास शंभर वर्षे लागली.

ती पोचली मोरचुदाच्या पुडीतून. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबई इलाख्यात आणि मध्य प्रांतात शेतकी खात्याने ज्वारीच्या बियाण्यासाठी मोरचुदाच्या पुड्या विकल्या. काणीची रीत मोठी फसवी असते. खळ्यावर मळणी होताना रोगट कणसे फुटतात आणि त्यांची भुकटी निरोगी दाण्यास चिकटते. पुढल्या वर्षी दाण्याबरोबर तीही रुजते, रोपाच्या पोटात न दिसता वाढते आणि कणीस बाहेर पडल्यावरच दाण्याच्या जागी काळी पूड दाखवते. दोष पडला मागल्या खळ्यावर, दिसला पुढल्या पिकात. मग शेतकऱ्याने ढगाळ हवेस बोल लावला तर नवल काय? म्हणूनच येथे व्याख्यानापेक्षा दोन वाफे अधिक बोलके ठरतात. एकात मोरचुदात भिजवून वाळविलेले बी पेरावे, दुसऱ्यात तसेच. शाळेच्या परसातही हे करता येते आणि ज्याच्या घरी खळे आहे त्या मुलास त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोरचुदाची जागा पुढे गंधकाच्या बारीक भुकटीने घेतली. किलोभर बियाण्यास 4 ग्रॅम पुरते. मडक्यात दोन्ही घालून हलविले की काम झाले.

लोकशिक्षणाचे हेच मर्म 1956 मध्ये निराळ्या वाटेने दिसून आले. त्या वर्षी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील 150 गावांसाठी 20 कार्यक्रमांची मालिका केली. भाषण ऐकल्यावर गावकऱ्यांनी एकत्र बसून त्यावर चर्चा करावयाची, अशी योजना होती. पॉल न्यूराथ यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा चर्चामंडळे असलेल्या गावांत, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा ज्ञान कितीतरी अधिक वाढल्याचे आढळले. प्रश्न विचारल्यावाचून कोणी काही घेत नाही, मग विषय खताचा असो की बुरशीचा.

ज्वारीचे कोडे एका पुडीने सुटले. संत्र्याचे तसे सुटले नाही. जहांगीर फर्दुनजी दस्तूर या पारशी शास्त्रज्ञाने बिहारातील पुसा येथे एरंडीच्या रोपांवरील एक रोगजंतू अभ्यासून 1913 मध्ये त्यास फायटोफ्थोरा पॅरासिटिका हे नाव दिले. पुढे ते नागपुरास मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ झाले. पानवेलीच्या रोगांवरील त्यांचा प्रबंध 1935 चा आहे. एरंडीवर सापडलेला तोच जीव नागपुरी संत्र्याची मुळे कुजवितो आणि बुंध्यातून डिंक वाहवितो. (आजचे शास्त्र त्यास खऱ्या बुरशीत गणत नाही, शेवाळाच्या एका कुळाजवळ बसविते. बागेस त्याने फरक पडत नाही.)

हा जीव पाण्यातून पसरतो आणि तेथेच शिकविणाऱ्याची खरी अडचण आहे. झाडावर माया असलेला बागवान बुंध्याशी माती चढवितो, आळे भरून पाणी देतो. ती मायाच झाडास भोवते. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंच असावा, तो मातीखाली जाऊ नये. पाणी बुंध्यास लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास बोर्डो मलम फासावे. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी असे त्याचे प्रमाण. मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र करावयाचे; मात्र लोखंडी बादली वापरावयाची नाही. मिश्रण उतरले की नाही हे पाहण्यासाठी त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवितात. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा लागतो.