ऑनलाइन पीएचडी भारतात चालते का? पन्नाशीत पुन्हा विद्यापीठाची पायरी चढायची तर नियम काय आहेत?

"घरबसल्या पीएचडी. वयाची अट नाही. प्रवेश परीक्षा नाही. १८ महिन्यांत नावाआधी डॉक्टर लावा."

पैठणहून मावशीने हा मेसेज मला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, "अगं, खरं आहे का हे? स्वस्त पण वाटतंय."

मावशी ५२ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरी सांभाळून तिने मराठीत एमए केलं, तेही बाहेरून. पीएचडी करायची हे तिच्या डोक्यात तेव्हापासून आहे. मग लग्न, बदल्या, मुलांच्या दहावी-बारावी. आता मुलं पुण्यात आहेत आणि संध्याकाळी तिच्या हाताशी वेळ आहे. तिच्यासारखे बरेच जण असणार, म्हणून तिला व्हॉइस नोटवर सांगितलेलं सगळं इथे नीट लिहून काढतेय.

आधी सरळ उत्तर: नाही

भारतात ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएचडी करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, पीएचडीबद्दलचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यात हे स्पष्ट लिहिलंय. त्याच्या थोडंच आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूजीसी आणि एआयसीटीईने मिळून एक नोटीस काढली होती: परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात, त्यांना मान्यता नाही. मावशीला आलेला मेसेज नेमका त्याच जातीचा होता.

"१८ महिने" या शब्दांवरच खरं तर थांबायला हवं. नियमाप्रमाणे कोर्सवर्क धरून पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात. त्याहून कमी वेळात कुणी पदवी देत असेल तर ती संस्था नियमाबाहेर आहे, मग तिची वेबसाइट कितीही चकचकीत असो.

आणि फक्त ऑनलाइनवाल्यांपासूनच सावध राहायचं असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना (चुरूचं ओपीजेएस, अलवरचं सनराइज आणि झुंझुनूचं सिंघानिया) २०२५-२६ पासून पाच वर्षं पीएचडीचे नवे प्रवेश देण्यास मनाई केली. पीएचडी देताना नियम आणि शैक्षणिक निकष पाळले नाहीत, हे कारण. ही रीतसर विद्यापीठं होती. त्यामुळे "यूजीसीच्या यादीत नाव आहे ना, मग झालं" एवढ्यावरही भागत नाही. प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या सूचना चाळायच्या. दहा मिनिटांचं काम आहे.

मानद डॉक्टरेटचं प्रकरण वेगळंच. हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन-टोपी घालून, पैसे भरून मिळणाऱ्या "डॉक्टरेट"चे फोटो आपण सगळ्यांनी फेसबुकवर पाहिलेत. त्याचा संशोधनाशी संबंध नाही, पुढे जाऊया.

मग नोकरीवाल्यांनी करायचं काय? अर्धवेळ पीएचडी

२०२२ च्या नियमांत नोकरदारांसाठी कामाची तरतूद आहे ती ही. अर्धवेळ, म्हणजे पार्ट टाइम, पीएचडीला परवानगी आहे. मात्र पदवीच्या अटी पूर्णवेळवाल्यांइतक्याच: तेच कोर्सवर्क, तोच प्रबंध, तीच तोंडी परीक्षा.

नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात. एक, या कर्मचाऱ्याला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे. दोन, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल. तीन, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल. तिसरा मुद्दा वाचून मावशी हसली. "दोनशिक्षकी शाळेतून मोकळं कोण करणार गं?" हा प्रश्न खराच आहे. म्हणून ही परवानगी शेवटच्या आठवड्यात मागायची गोष्ट नाही. अर्ज करण्याच्या बऱ्याच आधी वरिष्ठांशी बोलायला हवं, आणि विद्यापीठाचं कोर्सवर्क सलग असतं की सुट्ट्यांमध्ये, हेही आधी विचारून घ्यायला हवं.

मुदतीच्या बाबतीत नियम बरेच सैल आहेत. किमान ३ वर्षं, कमाल ६. पुन्हा नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, म्हणजे ८. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत.

आणि वय? यूजीसीच्या पीएचडी नियमांत वयाची कमाल मर्यादा नाही. मेसेजमधलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी शिवसेनेवरच्या प्रबंधासाठी पीएचडी मिळवली ती सत्तरी ओलांडल्यावर.

५५ टक्क्यांची अट

मावशीची गाडी इथे अडली.

दोन वर्षांच्या एमएनंतर पीएचडीला यायचं तर एमएला किमान ५५ टक्के किंवा तेवढी श्रेणी लागते. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. मावशी खुल्या प्रवर्गात, आणि तिच्या जुन्या गुणपत्रिकेवर आकडा आहे ५४. त्या काळी बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचं ध्येय पास होणं हेच असायचं. वीस-पंचवीस वर्षांनी तो एक टक्का आडवा येईल, हे कुणाच्या मनात होतं?

यावर कायदेशीर, आणि खरंच स्वस्त, उपाय आहे तो म्हणजे पुन्हा एमए. आणि दूरशिक्षण इथे चालतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याचं विभागीय केंद्र छत्रपती संभाजीनगरात आहे. दिल्लीचं इग्नूही आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. फक्त ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणार त्याला त्या वर्षाची मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघायचं. आता त्याच संकेतस्थळावर विद्यार्थ्याला स्वतःचा डेब-आयडीही काढावा लागतो.

म्हणजे "ऑनलाइन" हा शब्द पदव्युत्तर पदवीपर्यंत ठीक, त्यापुढे नाही, असं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जुनी एमफिल असलेल्यांसाठी एक ओळ: २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद झाली, पण आधी रीतसर मिळवलेली पदवी बाद झालेली नाही.

नेट की पेट?

प्रवेशाच्या दोन वाटा आहेत. २०२४-२५ पासून यूजीसी नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी वापरता येतात. नेटच्या निकालात आता तीन गट असतात: फेलोशिपसह, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, आणि फक्त पीएचडी. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांचे गुण प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. त्यात ७० टक्के वजन नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला.

परीक्षा वर्षातून दोनदा. पहिल्या पेपरला ५० प्रश्न, दुसऱ्याला १००, मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मराठी विषयाचा दुसरा पेपर मराठीत असतो, पण पहिला, सामान्य क्षमतेचा, इंग्रजी-हिंदीत. जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्यांना तयारी त्याचीच जास्त करावी लागते.

दुसरी वाट म्हणजे विद्यापीठाची स्वतःची परीक्षा, जिला आपल्याकडे पेट म्हणतात. पैठणकरांसाठी विद्यापीठ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि १४ जानेवारी १९९४ ला आजचं नाव मिळालं. नियमाप्रमाणे अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पेट दर वर्षी ठरलेल्या महिन्यात होईलच, असं धरून चालू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नजर ठेवणं हाच उपाय.

शिक्षण मध्येच तुटण्याचा विषय निघालाच आहे तर, ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे त्यांचंही तुटलं होतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेब १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे जमवले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डीएस्सी घेतली. कोलंबियाची पीएचडी तर रीतसर हातात पडली १९२७ मध्ये.

मार्गदर्शक मिळणं: याबद्दल कुणी फारसं सांगत नाही

परीक्षा पास होणं सोपं वाटावं, इतका पुढचा टप्पा अवघड आहे. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधकच घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे वयाची अट विद्यार्थ्याला नाही, मार्गदर्शकाला आहे! आपल्या विषयात कुणाकडे जागा रिकामी आहे याची यादी विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी देतं. त्याआधीच त्या विभागात जाऊन आपल्या विषयाचं दोन पानी टिपण दाखवलेलं बरं.

खर्च किती?

सरकारी विद्यापीठाचं शुल्क खासगीच्या तुलनेत बरंच कमी असतं. नेमका आकडा दर वर्षीच्या परिपत्रकात बघावा. पैसे जातात ते टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग आणि ये-जा यात. पैठण ते संभाजीनगर साधारण ५० किलोमीटर, आणि विद्यापीठ शहराच्या उत्तरेला औरंगाबाद लेण्यांच्या बाजूला, म्हणजे बसस्थानकातून पुढे रिक्षा आलीच. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या सगळ्यांनाच अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढे मोफत. पीएचडीच्या हिशेबात एसटीची सवलत धरणारी मी पहिलीच नसेन.

फेलोशिपची आशा मात्र उतारवयात फार ठेवू नये. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, पण तिला वयाची अट ३० वर्षं (महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट). बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात, त्यांच्या अटी त्या-त्या जाहिरातीत वाचाव्यात.

घरबसल्या काय होऊ शकतं?

पदवी घरबसल्या होत नाही, पण तिच्यामागचं बरंचसं काम होतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' हे भांडार मोफत आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध, मराठीतलेसुद्धा, तिथे वाचता येतात. विषय ठरवण्याआधी त्यावर कुणी काम केलंय का, हे पैठणमध्ये बसून मोबाइलवर कळतं. 'स्वयम'वर संशोधनपद्धतीचे अभ्यासक्रम आहेत. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झालीत. तोंडी परीक्षाही ऑनलाइन घ्यायला नियमांत मुभा आहे. शोधनिबंध छापून आणण्याची यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली, तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विचारावं. त्यामुळे "पेपर छापून देतो, इतके पैसे" म्हणणाऱ्यांच्या नादी लागण्याचं कारण आणखी कमी झालंय.

प्रबंध पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉण्टमधला मजकूर पुढे बदलताना जोडाक्षरांची जी काही दशा होते, ती बघवत नाही. आणि २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

विषय गावातच असतो

सातवाहनांची राजधानी, महानुभाव, नाथांचा वाडा, पैठणीचे माग, जायकवाडीत बुडालेली गावं: पैठणवर काम करायला विषय पुरे पडतील, माणसं कमी. रा. श्री. मोरवंचीकरांनी पैठणच्या इतिहासावर आणि पैठणीवर स्वतंत्र पुस्तकं लिहिली. त्याच्या चार शतकं आधी, १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ तयार केला. आज त्याला पाठचिकित्सा म्हणतात आणि त्यावर पीएचडी होते.

मावशीचा विषय आहे भारुडं. तिच्या शाळेच्या गावात नाथषष्ठीला म्हाताऱ्या बायका जी भारुडं म्हणतात ती छापील गाथेपेक्षा वेगळी आहेत, असं तिचं म्हणणं. तिच्याकडे फोनवर रेकॉर्डिंग आहेत. त्यातल्या दोघी आता राहिल्या नाहीत.

मिळणार काय?

कायमची प्राध्यापकी, तर नाही. सहायक प्राध्यापक पदासाठी जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक. शिवाय महाराष्ट्रात महाविद्यालयीन शिक्षक साठीला निवृत्त होतात. मावशीचा हिशेब मांडला: आता ५२, एमए होईपर्यंत ५४, प्रवेश पंचावन्नव्या वर्षी मिळाला तर ५८ ला शाळेतून निवृत्ती, आणि उरलेला प्रबंध त्यानंतर, ना-हरकत प्रमाणपत्राच्या कटकटीशिवाय. पदवी हातात येईल ती साठीच्या अलीकडे-पलीकडे.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "मुक्त विद्यापीठाचे फॉर्म कधी सुटतात?" आणि लगेच दुसरा मेसेज: "या वेळी तरी ५५ पडतील ना गं?"