वापरलेल्या स्पोर्ट्‌स मोटारींची सीमापार खरेदी-विक्री

वापरलेल्या स्पोर्ट्‌स मोटारींची सीमापार खरेदी-विक्री म्हणजे एका देशात वापरल्या गेलेल्या वेगवान, आलिशान मोटारीचे स्वामित्व दुसऱ्या देशातील व्यक्तीकडे जाणे आणि त्या मोटारीची तेथे कायदेशीर नोंदणी होणे. भारतात असा व्यवहार सीमाशुल्क अधिनियम, १९६२, परदेशी व्यापार महासंचालनालयाचे आयात धोरण आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ या तिन्हींच्या कक्षेत येतो. परदेशातून आलेली मोटार पुढे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकली गेली, तर नोंदणी व करविषयक नियम पुन्हा लागू होतात. या व्यवहारात मोटारीच्या यांत्रिक स्थितीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तिच्या कागदपत्रांना असते. शुल्क भरल्याचा पुरावा नसलेली मोटार कितीही सुस्थितीत असली, तरी ती खरेदीदाराच्या हातून जाऊ शकते.

जागतिक पार्श्वभूमी

स्पोर्ट्‌स मोटारींचे उत्पादन मुख्यतः इटली, जर्मनी, ब्रिटन, जपान आणि अमेरिका या देशांत होते. नवी मोटार पहिल्या काही वर्षांत झपाट्याने मूल्य गमावते, तर काही दुर्मीळ प्रतिकृतींचे मूल्य कालांतराने वाढते. दोन्ही कारणांमुळे वापरलेल्या मोटारींना परदेशांत गिऱ्हाईक मिळते. मात्र प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत तेथील सुरक्षा मानकांनुसार न बनलेली मोटार सामान्यतः २५ वर्षांची झाल्यावरच मुक्तपणे आणता येते. त्यामुळे १९८९ मध्ये बाजारात आलेली निस्सान स्कायलाइन जी.टी.आर. ही जपानी मोटार २०१४ पासून तेथे कायदेशीररीत्या जाऊ लागली. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे.

भारताचा नियम याच्या नेमका उलट आहे. अमेरिका व कॅनडा जुन्या मोटारीला मोकळीक देतात, तर भारत सामान्यतः तुलनेने नव्या मोटारीलाच प्रवेश देतो.

भारतातील आयातीच्या अटी

वापरलेल्या मोटारीच्या आयातीसाठी परदेशी व्यापार धोरणात पुढील प्रमुख अटी आहेत :

१. निर्मितीच्या दिनांकापासून मोटार तीन वर्षांहून अधिक जुनी नसावी.
२. सुकाणूचक्र व नियंत्रणे उजव्या बाजूस असावीत.
३. वेगमापक किलोमीटरमध्ये वेग दाखविणारा असावा.
४. दिव्यांचा झोत रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा.
५. आयातीनंतर किमान पाच वर्षे मोटार रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि तिच्या देखभालीची सोय उपलब्ध असेल, याची हमी द्यावी लागते.
६. आयात केवळ मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातून करता येते.

मोटार जहाजावर चढण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तिची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. भारतात पोहोचल्यावर, सीमाशुल्क खात्याकडून सुटण्यापूर्वी, तिची पुन्हा चाचणी होते. ही चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था यांचा समावेश होतो. बंदर व चाचणी अशा दोन्ही कारणांनी या व्यापारात महाराष्ट्राचे स्थान मध्यवर्ती आहे.

उजव्या बाजूच्या सुकाणूचक्राच्या अटीमुळे खरेदीचे क्षेत्र बरेच आक्रसते. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर यांसारख्या देशांत अशा मोटारी मिळतात. आखाती देशांत स्पोर्ट्‌स मोटारींचा मोठा बाजार आहे आणि तेथे अनेक मराठी कुटुंबेही राहतात, परंतु तेथील मोटारींची सुकाणूचक्रे डावीकडे असल्याने त्या या नियमात बसत नाहीत.

परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमच्या वास्तव्यासाठी भारतात परतणाऱ्या व्यक्तीस, किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात असलेली मोटार पूर्ण सीमाशुल्क भरून आणण्याची स्वतंत्र तरतूद धोरणात राहिली आहे. ‘परतणाऱ्यास शुल्क माफ असते’ हा समज चुकीचा आहे. ही सवलत परवान्यापुरती आहे, शुल्कापुरती नव्हे.

मूल्यनिर्धारण आणि शुल्क

वापरलेल्या मोटारीवरील शुल्क खरेदीदाराने प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवरच आकारले जाईल असे नाही. सीमाशुल्क खात्याच्या रूढ पद्धतीत मोटार नवी असतानाची किंमत पाहून तीतून घसारा वजा केला जातो. पहिल्या वर्षी प्रत्येक तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के आणि त्यानंतर २ टक्के असा हा घसारा असून त्याची कमाल मर्यादा ७० टक्के आहे. तीन वर्षांत तो एकूण ३८ टक्के होतो.

२०१३-१४ च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क १०० टक्क्यांवरून १२५ टक्के करण्यात आले आणि ते दीर्घकाळ कायम राहिले. या दराने केलेले एक उदाहरण उद्बोधक ठरते. नवी असताना १ कोटी रुपये किंमत असलेली मोटार तीन वर्षांनी घसारा वजा जाता ६२ लाखांची धरली जाईल. तिच्यावरील मूळ शुल्क ७७ लाख ५० हजार रुपये होईल आणि एकूण रक्कम १ कोटी ३९ लाख ५० हजारांवर जाईल. जहाजभाडे, विमा, अधिभार, वस्तू व सेवा कर आणि नोंदणीच्या वेळचा रस्ता कर हे सर्व याव्यतिरिक्त. म्हणजे तीन वर्षे वापरलेली मोटार भारतात तिच्या परदेशातील नव्या किमतीहूनही बरीच महाग पडते. परदेशातील स्वस्ताईचा लाभ सीमेवरच संपुष्टात येतो. कायदेशीर आयात मोजकी राहण्याचे आणि शुल्क चुकविण्याचा मोह वाढण्याचे हे प्रमुख कारण आहे.

एक गाजलेले उदाहरण

परदेशी स्पोर्ट्‌स मोटारीवरील शुल्काचा प्रश्न मराठी समाजात घरोघरी पोहोचला तो सचिन तेंडुलकर यांच्या फेरारी ३६० मोडेना या मोटारीमुळे. तेंडुलकर यांनी २००२ मध्ये कसोटी क्रिकेटमधील डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीतर्फे ही मोटार त्यांना भेट देण्यात आली. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वन विजेते मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती त्यांना प्रदान झाली.

मोटार भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे सीमाशुल्क माफ करण्याचा निर्णय २००३ मध्ये झाला. भेटवस्तूला अशी सूट द्यावी का, यावर मोठी चर्चा झाली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेरीस शुल्काची रक्कम फियाटने भरली. पुढे २०११ मध्ये तेंडुलकर यांनी ही मोटार सुरत येथील एका व्यावसायिकास विकली.

या एकाच मोटारीच्या इतिहासात व्यवहाराचे दोन्ही टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात ती आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून आली व शुल्काचा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या टप्प्यात ती महाराष्ट्रातून गुजरातेतील मालकाकडे गेली.

राज्यसीमा : डहाणू-तलासरी परिसर

मुंबई व सुरत यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ (पूर्वीचा क्रमांक ८) पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी तालुक्यांतून जातो आणि आच्छाडजवळ गुजरातच्या हद्दीत प्रवेश करतो. डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावांपासून गुजरात राज्य, तसेच दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश, हे दोन्ही जवळ आहेत.

या भागाला आंतरराष्ट्रीय सीमेचाही इतिहास आहे. नगर हवेली १९५४ पर्यंत आणि दमण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. त्या काळी या परिसरातून थोड्याच अंतरावर परक्या राज्याची हद्द लागत असे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा शेजारचा उंबरगाव परिसर गुजरातेत गेला. पोर्तुगीज सत्ता गेल्यावर सीमाशुल्काची हद्द संपली, परंतु करांच्या दरांतील भेद राज्यसीमेच्या रूपाने उरला.

महाराष्ट्रात आयात केलेल्या मोटारीवर एकरकमी रस्ता कर २० टक्के आहे. या कराची २० लाख रुपयांची कमाल मर्यादा २०२५ मध्ये ३० लाख करण्यात आली. कराचा दर प्रत्येक राज्यात वेगळा असल्याने, महागड्या मोटारीची नोंदणी कमी कर असलेल्या प्रदेशात करून ती अन्यत्र चालविण्याची प्रवृत्ती देशभर आढळते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास त्या राज्याचा नवा नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे.

परराज्यातील मोटार विकत घेताना सामान्यतः पुढील क्रम पाळला जातो :

१. विक्रेता मूळ परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ द्वारे ना-हरकत प्रमाणपत्र घेतो. मोटारीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची संमती लागते.
२. विक्रेता हस्तांतरणाची सूचना नमुना २९ मध्ये देतो. राज्यांतर्गत विक्रीसाठी १४ दिवसांची, तर राज्याबाहेरील विक्रीसाठी ४५ दिवसांची मुदत कायद्यात आहे.
३. खरेदीदार नमुना ३० द्वारे हस्तांतरणाचा आणि नमुना २७ द्वारे नव्या क्रमांकाचा अर्ज करतो.
४. नव्या राज्याचा रस्ता कर भरल्यावर नवा क्रमांक मिळतो. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा तेथील नियमांनुसार स्वतंत्रपणे मागावा लागतो.

नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीचे नूतनीकरण करताना देशी व आयात मोटारीतील भेद पुन्हा जाणवतो. एप्रिल २०२२ पासून देशी मोटारीसाठी हे शुल्क ५ हजार, तर आयात मोटारीसाठी ४० हजार रुपये झाले. जुनी स्पोर्ट्‌स मोटार स्वस्तात मिळाली, तरी तिच्या पालनाचा खर्च स्वस्त नसतो.

गैरप्रकार आणि कारवाई

तात्पुरती आयात. परदेशी मोटार ‘कार्ने’ नावाच्या आंतरराष्ट्रीय हमीपत्रावर शुल्क न भरता ठरावीक मुदतीसाठी आणता येते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था या व्यवस्थेशी संबंधित आहे. अशी मोटार मुदतीत परत न्यावी लागते. ती भारतात विकणे हा नियमभंग ठरतो.

राजनैतिक सवलतीचा गैरवापर. परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांना मोटार आणताना शुल्कसवलत असते. त्यांच्या नावे आलिशान मोटारी मागवून त्या इतरांना विकल्याचे प्रकरण महसूल गुप्तचर संचालनालयाने जुलै २०२१ मध्ये ‘ऑपरेशन मॉन्टे कार्लो’ या कारवाईत उघडकीस आणले. त्यातील शुल्कचुकवेगिरी २५ कोटी रुपयांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले.

भूसीमेवरून प्रवेश. भूतानमधून वापरलेल्या आलिशान गाड्या आणून, बनावट कागदपत्रांच्या आधारे त्यांची भारतातील विविध राज्यांत नोंदणी केल्याच्या संशयावरून कोची सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ऑपरेशन नुमखोर’ ही मोहीम राबविली. भूतानच्या भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. वापरलेली मोटार केवळ मुंबई बंदरातूनच आणता येते, ही अट लक्षात घेता भूसीमेवरून आलेली मोटार प्रथमदर्शनीच संशयास्पद ठरते.

सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १११ नुसार नियमबाह्य आयात झालेली वस्तू जप्त होऊ शकते. कलम १२५ नुसार काही वेळा दंड भरून ती सोडविता येते. मोटार अनेक हातांतून फिरलेली असल्यास शुल्क कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न निर्माण होतो. कोची सीमाशुल्क खात्याशी संबंधित एका पोर्शे कॅरेरा मोटारीच्या प्रकरणात तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ती मोटार नंतर विकत घेणारी व्यक्ती आयातदार नसल्याने तिच्याकडून शुल्क मागता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. हा दिलासा महत्त्वाचा असला, तरी तो मिळविण्यासाठी खरेदीदारास सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले.

खरेदीपूर्व तपासणी

आयात केलेली वापरलेली स्पोर्ट्‌स मोटार घेताना नोंदणी पुस्तिका पुरेशी मानली जात नाही, कारण बनावट कागदांवरही नोंदणी झाल्याचा संशय असलेली प्रकरणे समोर आली आहेत. सीमाशुल्क खात्याचे बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याची पावती, मूळ आयातदाराचे नाव आणि त्याच्यापासून विक्रेत्यापर्यंतची स्वामित्वाची सलग साखळी तपासली जाते. चासी व इंजिन यांवरील क्रमांक या सर्व कागदांशी जुळावे लागतात. निर्मितीचा दिनांक व बंदरात आल्याचा दिनांक यांत तीन वर्षांहून अधिक अंतर असल्यास, वापरलेली मोटार म्हणून झालेली ती आयात नियमात बसत नाही. परराज्यातील मोटारीच्या बाबतीत ना-हरकत प्रमाणपत्राची खातरजमा विक्रेत्याकडून न करता थेट मूळ परिवहन कार्यालयाकडून किंवा शासनाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीवरून केली जाते.

वापरलेल्या मोटारींच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्र शासनाने १ एप्रिल २०२३ पासून प्राधिकारपत्राची व्यवस्था लागू केली. मालकाने मोटार प्राधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना परिवहन कार्यालयास देण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे मोटार विकल्यावरही ती नव्या मालकाच्या नावे होईपर्यंत तिच्या अपघाताचा वा गैरवापराचा दोष जुन्या मालकावर येण्याची शक्यता कमी होते.

ऐतिहासिक मोटारी

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. त्यांना ‘व्ही.ए.’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे यांसारख्या कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास वा व्यावसायिक कामास ती वापरता येत नाही. तिच्या विक्रीस मात्र मुभा असून, विक्रीची माहिती परिवहन कार्यालयास कळवावी लागते.