जॅकलची कुळकथा

22 ऑगस्ट 1962. पॅरिसजवळच्या पती-क्लामारमध्ये राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांच्या सित्रोएन गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटले, काचा फुटल्या, पण द गोल आणि त्यांच्या पत्नी बचावले. अल्जीरिया हातचा गेला म्हणून पेटलेल्या बंडखोरांचा हा कट होता. त्याचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला पुढच्या मार्चमध्ये गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. ‘द डे ऑफ द जॅकल’ या चित्रपटाची सुरुवात याच हल्ल्याने होते.

रॉयटर्सचा तरुण बातमीदार फ्रेडरिक फोर्सिथ त्या काळात पॅरिसमध्ये होता. अल्जीरियावरून द गोल यांच्या जिवावर उठलेल्या ओएएस संघटनेत पोलिसांचे खबरे घुसलेत, हे त्याला दिसत होतं. यांच्या हातून हे काम होणार नाही. करू शकेल तो कुठल्याच दप्तरी नोंद नसलेला, बाहेरून आणलेला भाडोत्री मारेकरी, असा त्याचा निष्कर्ष. बियाफ्राच्या युद्धाचं वार्तांकन करून तो परतला तेव्हा खिसा रिकामा होता. 1970 साली, अवघ्या 35 दिवसांत, त्याने ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी लिहून काढली. प्रकाशक नाही म्हणत राहिले: द गोल मेले नाहीत हे साऱ्या जगाला ठाऊक, मग वाचणार कोण? 1971 साली पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. मला तर त्या आक्षेपातच कथेचं बळ दिसतं. शेवट ठाऊक असला की सगळं लक्ष हा माणूस काम करतो कसं, इकडे लागतं.

फ्रेड झिनेमनने 1973च्या चित्रपटात नेमकं तेच धरलं. जॅकल नावाच्या मारेकऱ्याच्या भूमिकेत बडा तारा घेतला नाही, एडवर्ड फॉक्सला घेतलं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. रानात झाडाच्या फांदीला जाळीच्या पिशवीतून कलिंगड टांगलेलं. जॅकल गोळी झाडतो, जाऊन भोक कुठे पडलं ते बघतो, परत येऊन स्क्रू-ड्रायव्हरने दुर्बीण किंचित फिरवतो, पुन्हा झाडतो. नेम जुळल्यावर स्फोटक गोळी भरतो आणि कलिंगडाच्या चिंधड्या उडतात. एकही संवाद नाही, तरी पोटात गोळा येतो. त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी लबेल (मायकेल लॉन्सडेल) तितकाच चिकाटीचा: फोन, फायली आणि देशभरातल्या हॉटेलांतून गोळा केलेली नोंदणीकार्डं, यांवर त्याची सारी शिकार चालते.

कथेतला मारेकरी दफनभूमीत लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला काढतो आणि त्यावर खरा पासपोर्ट मिळवतो. ती फट ब्रिटनमध्ये खरोखरच होती. 1974 साली खासदार जॉन स्टोनहाउस मृतांच्या नावाची कागदपत्रं घेऊन ऑस्ट्रेलियाला पळाला. मृतांच्या नावावरच्या या फसवणुकीला ब्रिटनमध्ये पुढे जॅकलचंच नाव पडलं.