कुलूप आणि प्रत: संगणकीय खेळ नेमका कोणाच्या मालकीचा?

१/
३० जानेवारी २००८. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन केबल तुटल्या: सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. भारताची आंतरराष्ट्रीय इंटरनेट क्षमता जवळपास निम्म्यावर आली. यांपैकी फ्लॅग ही रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मालकीची होती आणि त्या कंपनीचे मुख्यालय नवी मुंबईत, कोपरखैरण्याला होते.

घरात एकट्याने खेळायच्या खेळाशी या केबलचा काय संबंध? उत्तरासाठी वीसेक वर्षे मागे जावे लागते. (थ्रेड)

२/
१९८९ साली जॉर्डन मेकनर यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आला. पहिली पातळी ओलांडली की राजपुत्र एका दालनात येई. तिथे अक्षरांनी चिन्हांकित केलेल्या औषधाच्या बाटल्या मांडलेल्या असत. खेळासोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे अक्षर शोधायचे आणि तीच बाटली प्यायची. चूक झाली तर प्राणावर बेते.

पुस्तिका जवळ आहे म्हणजे खेळ विकत घेतलेला आहे, असा हा सरळ हिशेब होता.

३/
तो फार टिकला नाही. जाणकारांनी ही तपासणी काढून टाकलेल्या प्रती तयार केल्या आणि त्या फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरल्या. बाटल्यांचे कोडे मोडलेली प्रत मिळवणाऱ्याला पुस्तिका लागतच नसे. जिने पैसे मोजून खेळ घेतला आणि पुस्तिका हरवली, ती व्यक्ती मात्र अडकून पडे.

चोर सोडून संन्याशाला फाशी! या साऱ्या इतिहासाचे सूत्र इथेच सापडते.

४/
सीडीच्या काळात कुलूप तबकडीत गेले. सेफडिस्क, सिक्युरॉम यांसारख्या प्रणाली तबकडीवर अशा खुणा ठेवत, की साध्या सीडी-रायटरने काढलेल्या प्रतीत त्या उतरू नयेत. खेळ हार्ड डिस्कवर उतरवला असला तरी मूळ तबकडी ड्राइव्हमध्ये हवीच. तिच्यावर ओरखडा उमटला, की खेळ गेला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मिळणाऱ्या नकली तबकडीत हा अडसर आधीच काढलेला असे.

५/
सेफडिस्कचा शेवट बोधप्रद आहे. २०१५ मध्ये विंडोज १० आले. सेफडिस्कला लागणारा ड्रायव्हर सुरक्षेस घातक ठरल्याने मायक्रोसॉफ्टने तो त्यात ठेवला नाही. तबकडी अस्सल, ओरखडा नाही, संगणक उत्तम. तरी खेळ सुरू होईना. कुलूप गंजले आणि आतील वस्तू मालकालाच दुरावली.

६/
१६ नोव्हेंबर २००४ रोजी 'हाफ-लाइफ २' प्रसिद्ध झाला आणि कुलपाची किल्ली घराबाहेर गेली. तबकडी दुकानातून घेतली, खेळ एकट्याने खेळायचा, तरीही आधी इंटरनेटवरून 'स्टीम'ची मंजुरी घेणे आवश्यक होते. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर गर्दी उसळली आणि पैसे मोजलेले असंख्य खेळाडू ताटकळत राहिले.

नवी मुंबई तेव्हा एमटीएनएलच्या क्षेत्रात होती. अनेक घरांत डायल-अपच होते. इंटरनेट सुरू असेपर्यंत घरचा दूरध्वनी व्यग्र राही आणि त्या वेळेचे बिल चढत असे.

७/
आता २००८ च्या तुटलेल्या केबलचा अर्थ लागतो. पुस्तिका कपाटात असे, तबकडी खणात असे. परवानगी मात्र हजारो किलोमीटर लांबच्या यंत्रावर जाऊन बसली होती. मधला धागा क्षीण झाला, की वाशीतल्या खोलीतील नवीकोरी तबकडी मुकी होण्याचा धोका होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'स्पोर' आला. तो फक्त तीन वेळा सक्रिय करता येई. खेळाडूंनी एवढा संताप व्यक्त केला, की मर्यादा पाचवर न्यावी लागली. आणि हाच खेळ त्या वर्षी सर्वाधिक चोरून उतरवल्या गेलेल्या खेळांपैकी एक ठरला.

८/
२००८ मध्येच पुण्यातील गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेणाऱ्या युबिसॉफ्टने दोन टोके गाठली. त्याच वर्षीचा नवा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तिने संगणकासाठी कुलपाविना विकला. २०१० चा 'असॅसिन्स क्रीड २' मात्र खेळताना अखंड इंटरनेट मागे. जोडणी तुटली की खेळ थांबे. मार्च २०१० मध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ग्राहकांचाच खेळ बंद पडला. ही सक्ती पुढे मागे घ्यावी लागली.

९/
भारतीय कायदा काय म्हणतो? प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार, संगणक आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणारा तिची राखीव प्रत काढू शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ ने उल्लंघनाच्या हेतूने कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरवला. पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडण्यास वाव ठेवला. मदत करणाऱ्याने मात्र मदत घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि प्रयोजन नोंदवून ठेवायचे.

म्हणजे प्रत काढण्याचा हक्क कागदावर आहे. विक्रेत्याने किल्ली द्यावी, असे बंधन या तरतुदींत नाही.

१०/
आज ऐरोली, रबाळे, महापे या एकेकाळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. परवानगी देणारे यंत्र आता खाडीच्या याच काठावर असू शकते. अंतर घटले, परावलंबन घटले नाही. ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि तबकडी विकत घेतलेल्यांचाही खेळ संपला.

११/
इतिहासाच्या अभ्यासकाने हे का लक्षात घ्यावे? शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला, तो अनेक हस्तलिखित प्रती ताडून पाहून. नकलाकारांनी चुका केल्या, पण ग्रंथही त्यांनीच जगवला. एकच प्रत असती आणि तिची किल्ली एकाच घरी असती, तर ताडून पाहायला काय उरले असते?

१२/
निर्मात्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. लॅमिंग्टन रोडच्या नकली तबकडीतून ते मिळत नव्हते. पण ज्या कुलपाने चोर अडत नाही, ग्राहक अडतो आणि उद्याचा संशोधकही अडेल, ते नेमके कोणाचे रक्षण करते?

(समाप्त)